गोष्पणाची गोफण

कयाधूकाठच्या काळ्या रानात ज्वारीचं कणीस चिकात आलं, की पाखरं राखायला माचण उभं राहायचं आणि माचणावरच्या माणसाच्या हातात गोफण असायची. नरसी नामदेवच काय, सगळ्या हिंगोली-परभणीकडे हीच रीत. अंबाडीच्या वाकाच्या दोन वळलेल्या दोऱ्या आणि मधोमध गोटा बसेल एवढा विणलेला पट्टा. एका दोरीचा फासा बोटात अडकवायचा, दुसरीचं टोक चिमटीत धरायचं, डोक्यावरून दोन-तीन फेरे द्यायचे आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडायची. काळ्या रानात दगड कुठला? मग वाळलेलं ढेकूळसुद्धा चालायचं. सुटलेल्या टोकाचा फटका असा कडाडतो, की थवा आवाजानेच उठतो.

हिचं कूळ फार जुनं. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त दगडी आयुधं मोजताना यंत्राने, 'गोष्पणा'ने आणि मुठीने फेकायचे दगड वेगवेगळे धरले आहेत. या वर्गवारीचं मला फार अप्रूप वाटतं: दगड तोच, पण फेकण्याची तऱ्हा बदलली की आयुध बदललं. बाष्पाची वाफ झाली, त्याच वळणाने गोष्पणाची गोफण. सुश्रुतसंहितेतल्या 14 बंधांमध्येही 'गोफणा' आहे, हनुवटी-नाक-ओठांवर बांधायचा. मध्ये रुंद, दोन्ही बाजूंना निमुळता. वैद्याच्या डोळ्यांपुढे शेतातली गोफणच असणार.

मुठीच्या फेकीची पराकाष्ठा पाहायची तर बेसबॉलचा पिचर पाहावा. पाऊल पुढे पडतं, कंबर वळते, मग खांदा, कोपर, मनगट. जोर एकातून दुसऱ्यात चढत जातो. त्याचा मोठा ताण कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर येतो. तो तुटला म्हणून टॉमी जॉन या पिचरवर 1974 मध्ये फ्रँक जोब यांनी शस्त्रक्रिया केली, आणि तिला पुढे त्या खेळाडूचंच नाव पडलं. गोफणीने हाताला दोरीची लांबी जोडून दिली. फिरण्याची गती तेवढीच ठेवून त्रिज्या दुप्पट केली, तर गोट्याचा वेग दुप्पट आणि मार चौपट होतो. कोपर मोडून घ्यावं लागत नाही.

आता त्याच रानात सोयाबीन आणि हळद. तिथे पाखरांना टिपायला कणीसच नाही, मग माचण कशाला आणि गोफण कशाला? अंबाडीची भाजी बाजारात अजून मिळते, वाक मात्र मिळत नाही.