पेट्रोलचा वास आणि काळा डबा



आपल्या जालन्याकडची मोसंबी नावाजलेली आहे. साल सोलली की वास ओसरीपर्यंत येतो. वास येतो म्हणजे नेमके काय होते? सालीतील तेलाचे अगदी सूक्ष्म कण हवेत मिसळतात आणि आपल्या नाकाशी येऊन पोचतात. पेट्रोलच्या पंपावर वास येतो तेव्हाही असेच घडते. फरक एवढाच, की मोसंबीच्या वासाने कोणाचे काही बिघडत नाही. पेट्रोलच्या वासाने मात्र पैसा, प्रकृती आणि पीक या तिन्हींची हानी होते. ही गोष्ट माणसाला कशी कळली, त्यावर तोड कशी निघाली, आणि ती तोड बिघडली तर आपल्या मिस्त्रीने कशी ओळखावी, ही हकिकत आज आपल्यापुढे ठेवायची आहे.

हकिकतीचा आरंभ होतो फार दूर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरात. साल १९४३, महायुद्धाचे दिवस. जुलै महिन्यात एके दिवशी शहरावर दाट धुरकट पडदा पसरला. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे दुखू लागले. जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी भीती लोकांना वाटली. मग एका रबराच्या कारखान्यावर ठपका आला. तो काही काळ बंद ठेवला, तरी पडदा हटेना. पुढे शहराभोवतालचे भाजीवाले शेतकरी तक्रार करू लागले की पालकासारख्या पालेभाज्यांच्या पानांवर चंदेरी, तांबूस डाग पडून माल वाया जातो आहे.

या पिकांच्या तक्रारीपायी काम गेले आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाकडे. मौज अशी, की हे गृहस्थ फळांच्या वासाचे जाणकार. अननसाला त्याचा वास कशामुळे येतो, याचा त्यांनी अभ्यास केला होता. अननसाचा वास पकडायला जी युक्ती वापरली, तीच त्यांनी शहराच्या हवेला लावली. १९५०च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले, की गाड्यांतून आणि तेलाच्या कारखान्यांतून सुटणारे पेट्रोलचे बाष्प आणि इंजिनाच्या धुरातील नायट्रोजनची संयुगे यांच्यावर ऊन पडले, की ओझोन नावाचा झोंबरा वायू तयार होतो. डोळे चुरचुरतात ते त्या मिश्रणाने, आणि पाने करपतात तीही त्यानेच. तेल कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या संशोधनाने त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला, पण पुराव्यापुढे तो टिकला नाही. हेच हागेन-स्मिट १९६८ साली कॅलिफोर्निया राज्याच्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले.

आता जरा मोजदाद पाहा. त्या काळच्या गाडीतून जेवढे कच्चे इंधन हवेत जाई, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा धुराड्यातून जातच नसे. तो टाकीतून आणि कार्बोरेटरमधून नुसता उडून जाई. गाडी उन्हात उभी, इंजिन बंद, मालक घरी झोपलेला, आणि तरी पेट्रोल आकाशात चाललेले! दिवसा टाकी तापली की ती बाष्प बाहेर टाकते, रात्री गार झाली की हवा आत ओढते. टाकी जणू श्वासच घेते. पूर्वी या श्वासासाठी झाकणाला किंवा नळीला उघडे भोक ठेवीत.

त्यावर तोड निघाली ती कोळशाची. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, विषारी वायूपासून सैनिकांना वाचवण्यासाठी रशियाचे झेलिन्स्की यांनी तोंडावरच्या मुखवट्यात खास तयार केलेला कोळसा भरला होता. हा कोळसा असंख्य सूक्ष्म छिद्रांनी भरलेला असतो. अशा एका ग्रॅम कोळशाच्या आतला पृष्ठभाग पसरला, तर तो हजार चौरस मीटरांच्या घरात जाईल. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन! त्या जमिनीवर बाष्प चिकटून राहते. हाच कोळसा डब्यात भरून गाडीला बसवला. कॅलिफोर्नियात १९७० सालच्या गाड्यांपासून आणि साऱ्या अमेरिकेत १९७१ सालच्या गाड्यांपासून टाकीचे बाष्प अडवणे सक्तीचे झाले.

त्या डब्याला गॅरेजमध्ये कॅनिस्टर म्हणतात. त्याचे काम समजायला सोपे आहे. टाकीतले बाष्प एका नळीने डब्यात येते आणि कोळशाला चिकटते. इंजिन चालू झाले, की दुसऱ्या नळीवरचा पर्ज व्हॉल्व्ह उघडतो. इंजिनाच्या ओढीने डब्याच्या तिसऱ्या तोंडातून ताजी हवा आत शिरते, कोळशाला चिकटलेले बाष्प सोडवते आणि इंजिनात नेऊन जाळते. जे उडून जायचे, ते गाडी ओढण्याच्या कामी येते.

आता आपल्याकडे येऊ. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, तेव्हा देशात कुठेच पेट्रोलच्या बाष्पाला नियम नव्हता. १९८९ साली केंद्रीय मोटार वाहन नियम आले, १९९१ साली पेट्रोल गाड्यांच्या धुराला मर्यादा आल्या, आणि त्याच दशकात बाष्पाचाही विचार सुरू झाला. गाडी बंद खोलीत ठेवून, तापमान चढवून, किती बाष्प सुटले ते मोजतात. पुण्याला १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये अशा चाचण्या होतात. भारत स्टेज चारच्या काळात चारचाकीला मर्यादा होती एका चाचणीला २ ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा चमचा पेट्रोल. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले, आणि मोटारसायकलींच्या अंगावरही हा काळा डबा दिसू लागला.

येथवर इतिहास झाला. पण डबा बसवला म्हणजे काम संपले, असे नाही. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. रबरी नळ्या तडकतात, उंदीर त्या कुरतडतात, डब्याच्या हवेच्या तोंडात धूळ बसते, कुंभारमाशी मातीचे घर करते. हसू नका बरं का! २०११ साली माझदा कंपनीला अमेरिकेतील हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्या एका कोळ्यापायी. पेट्रोलच्या वासाला भुलून तो कोळी डब्याच्या नळीत जाळे विणी. हवा कोंडली, की टाकीला तडा जाण्याचा धोका होता.

तेव्हा तपास कसा करावा? आधी विचारावे, मग पाहावे, आणि शेवटी पैसे खर्चावेत.

पहिले टाकीचे झाकण. त्याची रबरी चकती चिरली आहे का, झाकण कट्कन बसते का? थोड्या पैशांचे हे काम आहे. ते न पाहता सगळा डबा बदलणे म्हणजे कौल फुटला म्हणून घर पाडणे.

दुसरे, मालकाला एक प्रश्न विचारावा: पंपाची नळी आपोआप बंद झाल्यावरही आपण टाकी काठोकाठ भरवता का? अनेक डबे याच सवयीने मरतात. पातळ पेट्रोल डब्यात शिरते, कोळसा भिजतो आणि बाष्प धरण्याची त्याची ताकद जाते. उलट, पेट्रोल भरताना पंपाची नळी सारखी थांबत असेल, तर डब्याचे हवेचे तोंड बुजले असण्याचा संभव.

तिसरे, पर्ज व्हॉल्व्ह. तो साधारणपणे वीज नसताना बंद असतो. काढून हातात घेतला आणि हवा आरपार जाऊ लागली, तर तो उघडाच अडकला आहे. अशी गाडी उभ्या जागी थरथरते आणि पेट्रोल भरल्याबरोबर लवकर चालू होत नाही.

चौथे, नळ्या. बारीक छिद्र डोळ्यांना दिसत नसेल, तर धुराच्या यंत्राने अगदी हलक्या दाबाने धूर सोडतात. जिथून धूर निघेल तिथे छिद्र. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मात्र टाकीत कदापि सोडू नये, आणि काडी पेटवून तर मुळीच पाहू नये. टाकी फुटते, जीव जातो.

संगणकाचे यंत्र लावल्यास पी ०४४३ हा आकडा पर्ज व्हॉल्व्हच्या विजेच्या वाटेतला दोष सांगतो; पी ०४४२ लहान गळती आणि पी ०४५५ मोठी गळती. पण येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. अमेरिकेत १९९६ नंतर हळूहळू गाड्या स्वतःच मिलिमीटरभराची गळती शोधू लागल्या. युरोपच्या नियमांची किमान अट मात्र व्हॉल्व्हची तार शाबूत आहे का, एवढीच. आणि आपले नियम त्याच वळणाचे आहेत. म्हणून आपल्याकडे समोरचा दिवा लागला नाही, याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. पीयूसीची नळीही धुराड्यालाच लावतात. टाकीचा श्वास तेथे कोणी मोजत नाही.

म्हणजे पाहा, कोणी डबा काढून फेकला आणि नळी मोकळी सोडली, तर दिवा कदाचित लागणार नाही, पीयूसीचा कागद मिळेल, आणि मालकाला कळणारही नाही. कळेल ते त्याच्या घरच्यांच्या नाकाला. गाडी ओसरीला लागून उभी असते, शेजारी मुले झोपतात, आणि पेट्रोलच्या बाष्पातील बेंझिनने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. चूल जवळ असेल तर आगीचे भय वेगळेच.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एवढे करून पाहा. दोन सारख्या झाकणाच्या डब्यांत कापलेला कांदा ठेवा, एकात कोळशाचा चुरा वाटीत भरून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी मुलांना वास घ्यायला सांगा. पेट्रोल मात्र शाळेत आणू नका.

एका फळांच्या जाणकाराने वासावर भरवसा ठेवला, म्हणून जगाला हा दोष सापडला. जो दोष दिव्याला दिसत नाही आणि कागदावर येत नाही, तो जाणत्या मिस्त्रीच्या नाकाने आणि सचोटीनेच सापडायचा. पुढच्या वेळी गाडीजवळ पेट्रोलचा वास आला, तर ‘येतोच थोडा’ म्हणून सोडून देऊ नका. झाकणापासून सुरुवात करा.