पाणी आणि ओळख

सिंधुदुर्ग किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव, साखरबाव आम्ही मालवणकर मुलांना कौतुकाने दाखवतो. भर समुद्रात गोडे पाणी! पाण्यापाशी मुलाला आपली जात कशी कळते, हे मात्र सांगत नाही. आंबेडकर घराणे मूळचे दापोली तालुक्यातले, म्हणजे १९८१ पूर्वीच्या आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. साताऱ्याच्या शाळेत लहानगे भीमराव घरच्या गोणपाटावर वेगळे बसत. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. ही रीतच, असे त्यांना वाटे. १९०१ साली ते भाऊ व भाच्यांसह वडिलांकडे गोरेगावास निघाले. जात कळताच मसूरच्या स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. गाडीवानाने दुप्पट भाडे घेतले, वर बैल मुलांनीच हाकायचे! रात्री टोलनाक्यावर, गाडीवानाच्या सल्ल्याने, नऊदहा वर्षांच्या या मुलाने उर्दूत आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले. तरीही नकारच. शिदोरी भरलेली असून मुले उपाशी निजली. अंगवळणी पडलेल्या अस्पृश्यतेचा विचार आपण या प्रवासानंतर करू लागलो, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.