जुना दप्तरदार आणि नवा वाडा

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह हेच आपल्यापुढें उभे राहतात. परंतु कचेऱ्या, पेढ्या व रुग्णालयें यांचीं दप्तरें आतां संगणकावर गेलीं असल्यामुळें, तीं दप्तरें सांभाळणाऱ्या प्रणालींनाहि इतिहास आहे. त्यांतील एक लहानसें प्रकरण आज सांगावयाचें आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २००० सालीं 'एसक्यूएल सर्व्हर २०००' ही डेटाबेस-प्रणाली बाजारांत आणली. अशी प्रणाली म्हणजे संगणकावरील दप्तरदारच. नोंदी नीट लावून ठेवाव्या आणि मागतांक्षणींच काढून द्याव्या, हें तिचें काम. या दप्तरदाराच्या एका दारांत मोठी खोट राहिली होती. जुलै २००२ मध्यें कंपनीनें ती जाहीर करून दुरुस्तीहि दिली. परंतु चालतें काम थांबवून ती बसविण्याची तसदी पुष्कळांनीं घेतली नाहीं.

२५ जानेवारी २००३, शनिवार. भारतांत सकाळचे सुमारें अकरा वाजले असतां 'स्लॅमर' नांवाचा संगणकीय कृमि त्या दारानें आंत शिरला. आकार अवघा ३७६ बाइटांचा. परंतु आरंभीं त्याची संख्या दर साडेआठ सेकंदांस दुप्पट होत होती. त्याला बळी पडण्याजोग्या यंत्रांपैकीं शेंकडा ९० यंत्रें दहा मिनिटांत ग्रासलीं गेलीं. एकंदर निदान ७५,००० यंत्रें बाधित झालीं. त्यानें नोंदी पुसल्या नाहींत, पण दळणवळणाचे मार्गच तुंबविले. अमेरिकेंत बँकांचीं पैसे देणारीं यंत्रें अडलीं आणि विमानांचीं उड्डाणें रद्द झालीं.

पुढें तीनच महिन्यांनीं, एप्रिल २००३ मध्यें, 'विंडोज सर्व्हर २००३' ही नवी कार्यप्रणाली आली. जुन्या दप्तरदाराला या नव्या वाड्यांत बिऱ्हाड द्यावें कीं नाहीं? सरळ नकार द्यावा, तर सहस्रावधि कचेऱ्यांचें काम खोळंबावें. मुक्त प्रवेश द्यावा, तर पुन्हां तोच अनर्थ. तेव्हां मधला मार्ग निघाला. प्रणाली बसवूं लागतांच इशारा येई, कीं दुसऱ्या सर्व्हिस पॅकपर्यंतच्या आवृत्तीला येथें आधार नाहीं; मात्र पुढें जाण्याची मुभा असे. प्रणाली बसे, चालूंहि लागे. परंतु बाहेरच्या जाळ्याकडे उघडणारीं तिचीं दारें बंदच राहत. तिसरा सर्व्हिस पॅक चढविल्यावरच तीं उघडत. म्हणून जाणते लोक प्रथम प्रणाली, मागोमाग दुरुस्ती आणि शेवटीं जाळ्याची जोडणी, असा क्रम पाळीत.

ही व्यवस्था दुरुस्ती मिळत होती तोंवरच पुरेशी होती. त्या दप्तरदाराचा आधार एप्रिल २०१३ मध्यें संपला, आणि वाड्याचाहि जुलै २०१५ मध्यें. ज्या प्रणालीला दुरुस्ती देणारें कोणी उरलें नाहीं, तिला नव्या यंत्रावर कसेंबसें बसविलें तरी ती सुरक्षित होत नाहीं. अशा वेळीं आपल्या नोंदींची प्रत काढून त्या चालू प्रणालींत हलवाव्या, हेंच उचित. जपावयाच्या असतात त्या नोंदी. दप्तरदार काळाप्रमाणें बदलावाच लागतो.