वर्तमानाचा फळा

धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त ह्या स्मरणिकेत आम्ही काही इतिहास लिहावा, अशी मंडळींनी इच्छा दर्शविली. मंदिराची पायाभरणी, घंटेचे आगमन, कोणत्या महागुरुस्वामींनी केव्हा भेट दिली इत्यादि हकीकत त्यांस अभिप्रेत असावी. ती इतरांनी ह्याच पुस्तिकेत विस्ताराने दिली आहे. आम्ही ज्या वस्तूचा इतिहास लिहू इच्छितो ती शाळेच्या ओसरीवर, पाण्याच्या माठाशेजारी भिंतीला टांगलेली आहे. तिला दर दोन वर्षांनी काळा रंग द्यावा लागतो आणि तिचा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे. आपणांपैकी जे जे ह्या शाळेत शिकले त्या सर्वांचे अक्षर एकदा तरी तिच्यावर उमटलेले आहे. तो वर्तमानाचा फळा होय.

नवख्या वाचकासाठी त्याची रीत सांगतो. सकाळची प्रार्थना व राष्ट्रगीत झाले, म्हणजे तिसरीचा वा चौथीचा एक विद्यार्थी खडू घेऊन चार-पाच ओळी लिहितो. पहिली ओळ पावसाची वा उन्हाची, दुसरी गावची, तिसरी कापूस-तुरीच्या भावाची, आणि शेवटची वर्तमानपत्रातून घेतलेली, दूर देशीची. गावची ओळ लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेली असली पाहिजे, ऐकीव चालावयाची नाही, हा शाळेचा जुना दंडक. परिपाठात बातम्या वाचण्याची चाल महाराष्ट्रातील पुष्कळ शाळांत आहे. परंतु मथळा वाचला की ती बहुधा तेथेच संपते. आमच्या शाळेत एखाद्या ओळीला धरून गुरुजी पाठ उभा करीत, आणि तो आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस चाले. पुढे त्यालाच प्रकल्प हे नाव मिळाले.

आपले वडीलधारे बातमीला वर्तमान म्हणत. म्हणून वर्तमानपत्र, आणि म्हणूनच शुभवर्तमान. तेव्हा ख्रिस्तसभेचा आणि बातमीचा संबंध काही आजचा नव्हे. आमच्या ह्या भागाचा तर विशेषच. विदर्भात ज्या मिशनऱ्यांनी श्रद्धेचे बीज पेरले, ते संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांच्या नावाच्या संघाचे. हे संत १५९४ साली शाब्ले प्रांतात गेले, तेव्हा लोक प्रवचनास येईनात. मग त्यांनी आपले म्हणणे कागदाच्या सुट्या पानांवर लिहून लोकांच्या दारांखालून आत सरकविले. ह्याच कारणे १९२३ साली पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांस पत्रकारांचे व लेखकांचे आश्रयदाते संत ठरविले. त्यांच्या नावाचा संघ फादर मेर्मिए ह्यांनी १८३८ साली अ‍ॅनसी येथे स्थापिला. त्याचे मिशनरी १८४६ साली विशाखापट्टणास उतरले, तेथून आत नागपूर-कामठीकडे सरकले, १८८७ साली नागपूर धर्मप्रांत निर्माण झाला, आणि १९५५ साली अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा होऊन आपला यवतमाळ जिल्हा त्यात आला.

विसाव्या शतकाचा आरंभकाळ आमच्या मते ध्यानी ठेवण्याजोगा आहे. त्या काळात मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची आगगाडी सुरू होऊन ह्या जिल्ह्याचा कापूस थेट मुंबईच्या वाटेला लागला. आणि १९०३ साली अहमदनगर जिल्ह्यात, फादर हेन्री डोरिंग ह्या जर्मन येशूसंघीयांनी ‘निरोप्या’ हे मराठी कॅथलिकांचे मासिक काढले. गाडी आता धावत नाही; मासिक चालू आहे. पुढे १९१८ साली यवतमाळ शहरीच लोकनायक बापूजी अणे ह्यांनी ‘लोकमत’ हे साप्ताहिक काढले. तात्पर्य, कापूस बाहेर जात होता आणि अक्षरे आत येत होती. परंतु शाळेतील मूल मात्र ह्या दोहोंपासून दूर, पाढे घोकीत बसलेले होते.

ही भिंत पाडण्याचा थोर प्रयत्न आमच्या शेजारीच झाला. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वर्धा जिल्हा. तेथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या समितीने मूलोद्योगातून शिक्षणाची योजना आखली. टकळीवर सूत काततानाच तारांची मोजदाद, त्यातून गणित, कापसातून भूगोल, असा तो मार्ग. ह्या कार्याची धुरा पुढे ज्यांनी वाहिली ते आर्यनायकम हे सिलोनचे ख्रिस्ती गृहस्थ, आणि त्यांच्या पत्नी आशादेवी. त्याआधी अमेरिकेत किलपॅट्रिक ह्यांनी १९१८ साली प्रकल्पपद्धतीवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला होता, आणि पंजाबात मोगा येथील प्रेस्बिटेरियन मिशनच्या शिक्षकशाळेने ती पद्धत खेड्यातील मुलांसाठी राबविली होती. आम्हां कॅथलिकांस ह्या बाबतीत मागे राहिल्याची कबुली द्यावी लागेल. आमच्या शाळांनी शिस्त दिली, सुवाच्य अक्षर दिले, प्रश्नोत्तरी तोंडपाठ करून घेतली. ह्यांतील एकही गोष्ट आम्ही हलकी मानीत नाही, परंतु मुलाच्या बापाच्या शेतात काय चालले आहे हे विचारण्याचे आम्हांस क्वचितच सुचले.

ते आमच्या फळ्यास सुचले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा शेवटची ओळ पहिली झाली. मुलांनी नकाशावर दोरी ताणून अंतर मोजले, मातीच्या भिंती कशा पडतात हे विटांचे तुकडे रचून पाहिले, आणि घरोघर फिरून ज्वारी गोळा केली. त्या ज्वारीचा हिशेबही फळ्यावर लिहिला गेला, मूठमूठ.

परंतु सर्वांत मोठा प्रकल्प झाला तो पऱ्हाटीच्या हिशेबाचा. आम्ही येथे आल्यानंतरची ही गोष्ट. चौथीच्या वर्गाने ठरविले की, एका एकराचा जमाखर्च मांडावयाचा. बियाणे, खत, डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी, बाजारापर्यंतचे भाडे. मुले घरी विचारून येत आणि भिंतीवरील मोठ्या कागदावर रकाने भरीत. एका मुलीने विचारले, “आईनं आपल्याच वावरात निंदण केलं, तर तिची मजुरी मांडाची का नाही?” गुरुजी थबकले. १९६५ साली स्थापन झालेल्या कृषि मूल्य आयोगासही हा प्रश्न सुटलेला नाही असे म्हणता येईल. कुटुंबाची मजुरी धरून एक खर्च व न धरता दुसरा, असे तो दोन्ही आकडे मांडतो. वर्गाने मजुरी मांडली. बेरीज झाली तेव्हा बहुतेक रकान्यांत खर्चाची बाजू जड भरली, आणि नेमका तोच कागद पाहावयास काही पालक शाळेत आले.

ते रागावले होते, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. कोणत्या घरी किती देणे आहे, सावकाराचे किती, हे नावानिशी भिंतीवर लागले होते. “आमची इज्जत शाळेत टांगली,” असे एकजण आम्हांस म्हणाले. आम्ही त्यांची क्षमा मागितली. कागद उतरविण्यात आला. नावे गाळून नवा लिहिण्यात आला. सत्य आणि चव्हाटा ह्यांत भेद आहे, हे त्या दिवशी मुलांआधी आम्ही शिकलो. परंतु आकडे तेच राहिले.

२०१७ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात पडले, हे आपण सर्वांनी पाहिले. ज्यास आपण औषध म्हणतो त्याच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण असतो आणि लाल सर्वांत घातक, हे त्या आठवड्यात आमच्या फळ्याने पुष्कळ घरांस प्रथमच सांगितले. मुले रिकामे डबे हाताळणार नाहीत, केवळ दुरून चित्र काढतील, असा गुरुजींचा सक्त नियम होता. चित्रे घरोघरी गेली. वाऱ्याच्या दिशेस तोंड करून फवारू नये, ही ओळ सलग बारा दिवस पुसली गेली नाही.

आता एक ओळ अशी की जी आम्ही स्वतः पुसली.

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी व मुलांसह जीवन संपविले, तेव्हापासून आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर ह्या एकाच दुःखाने ओळखले जाऊ लागले. आमच्या गावीही ते दुःख आले. वेचणीचे दिवस होते. सकाळी आम्ही ओसरीवर गेलो, तो फळ्यावर गावच्या ओळीत लिहिले होते की, अमक्याच्या बाबांनी कर्जापायी जीव दिला. लिहिणारी मुलगी त्याच्या शेजारच्याच घरची. तिने पाहिले होते. आम्ही पदराचा विचार केला, त्या माउलीच्या. आणि फडके घेऊन ती ओळ पुसली व “दुःखद निधन” असे लिहिले. ती मुलगी उभीच होती. ती म्हणाली, “फादर, ते खरं हाये ना? मंग पुसलं कायले?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. वाचकांतील वृद्धांस आठवत असेल की, १९१७ च्या धर्मनियमांप्रमाणे जाणूनबुजून जीव देणाऱ्यास ख्रिस्तसभेचा अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या नियमसंहितेत तो निर्बंध उरला नाही, आणि अशा आत्म्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. आम्ही त्या मनुष्यास मिस्साबलिदानासह सन्मानाने मूठमाती दिली. वेदीपाशी जे झाकले नाही ते फळ्यावर आम्ही का झाकले, हा प्रश्न तेव्हापासून आमच्यापाशी आहे. पुसले ते बरे केले असे एक मन म्हणते, दुसरे म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी खडू त्याच मुलीच्या हाती दिला आणि वर्गास विचारले, त्या घरची आज खरी बातमी कोणती? पुष्कळ वेळ कोणी बोलेना. मग तिने लिहिले: “त्यांच्या वावरात कापूस फुटला आहे. वेचायला माणूस नाही.” त्या रविवारी मिस्सा लवकर आटोपली. किती माणसे वावरात गेली हे आम्ही मोजले नाही. दुपारपर्यंत वेचणी झाली, एवढे खरे.

गुरुजींची एक सवय होती. फळा पुसण्यापूर्वी त्या दिवसाच्या ओळी ते शंभरपानी वहीत उतरून घेत. त्यांच्या पश्चात काही वह्या शाळेत सापडल्या, काही वाळवीने खाल्ल्या, आणि काही विद्यार्थ्यांनी आठवण म्हणून घरी नेल्या असे ऐकतो. ज्या कुटुंबांकडे अशी वही असेल, त्यांनी ती महोत्सवाच्या दिवशी धर्मगुरुनिवासात आणून द्यावी. उतरून घेऊन ती आठ दिवसांत परत करण्यात येईल. पाने सुटलेली असली तरी चालतील.