संच कोणाच्या अंगणात?

दूरशिक्षणाचा इतिहास लिहिणारे लहरी किती मैल गेल्या ते मोजतात. मला मोजायचे आहे ते चावडीपासून आमच्या वस्तीपर्यंतचे अंतर.

१९५६ च्या आरंभी आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे, दहा आठवडे, वीस कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पाहणी केली. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा चर्चा करणाऱ्या गावांत ज्ञान अधिक रुजले, असे तीत दिसले. मला ते पटते. पण चर्चा म्हणजे तोंड उघडणे! अस्पृश्यता (गुन्हे) कायदा लागू होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. ज्याला पाटलासमोर बसण्याची मुभा नव्हती, त्याने त्याच्यासमोर शंका विचारायची? आणि खताची शंका यायला आधी शेत लागते.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो माणसे जमली. त्यांना कोणत्याही केंद्राने बोलावले नव्हते. जलसे, सभा, ‘प्रबुद्ध भारत’, एकाने वाचायचे नि दहांनी ऐकायचे, असे आमचे दूरशिक्षण चालले होते. यंत्र नव्हते, पण बैठक आमची होती.

पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत दूरदर्शन पोचले. महाराष्ट्र त्यात नव्हता. सीमेपलीकडचे विजापूर, गुलबर्गा, रायचूर होते. सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी गावासाठी कार्यक्रम. खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी ॲन्टेना! इस्रोच्या तंत्रज्ञांचे हे कर्तृत्व मी कमी लेखत नाही. संच शाळा, पंचायत अशा सार्वजनिक जागी ठेवले गेले. पण महाडचे तळेही नगरपालिकेच्या ठरावाने सार्वजनिकच झाले होते. तरी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला.

वेगळे घडले ते गुजरातच्या खेडा जिल्ह्यात. तेथे पीजच्या छोट्या प्रक्षेपण केंद्रासाठी कार्यक्रम करणारी माणसे गावात जाऊन बसली. शेतमजुराची मजुरी, पिळवणूक, अस्पृश्यता हे विषय पडद्यावर आले. १९८४ साली या प्रकल्पाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला. यंत्र तेच होते. विषय कोठून उचलायचा, एवढाच फरक होता.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाईलवर गेले. ज्या घरी फोन एकच, तेथे तो कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात राहिला. ‘सर्वांसाठी’ हा शब्द मात्र तेव्हाही परिपत्रकात होता.

१९५६ ची श्रोतृमंडळे पाहिलेली काही म्हातारी माणसे त्या दीडशे गावांत अजून असतील. आपल्यातल्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जावे. रेडिओ कोणाच्या ओसरीवर होता, सतरंजीवर कोण बसे, बाहेर उभे राहून कोण ऐके, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. अहवालांत ते सापडायचे नाही.