आगमनकाळ : प्रतीक्षेचे चार रविवार

नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळाला ख्रिस्ती परंपरेत 'आगमनकाळ' म्हणतात. पाश्चात्त्य चर्चचे उपासना-वर्ष याच काळाने सुरू होते. ३० नोव्हेंबर या संत आंद्रियाच्या सणाला सर्वांत जवळचा रविवार हा त्याचा पहिला दिवस; त्यामुळे आरंभ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही होतो. कॅथलिक धर्मगुरूंची वस्त्रे या काळात जांभळी असतात. तिसऱ्या रविवारी मात्र आनंदाचे चिन्ह म्हणून गुलाबी वस्त्रे वापरता येतात.

हा काळ आत्मपरीक्षणाचा आणि वाट पाहण्याचा. मुलांना नेमकी हीच गोष्ट जड जाते. त्यामुळे आगमनकाळातील काही प्रसिद्ध प्रथा वडीलधाऱ्यांनी मुलांसाठीच घडविल्या. लूथरपंथीय धर्मशास्त्रज्ञ योहान हिनरिक विखर्न यांनी १८३३ मध्ये हॅम्बुर्गनजीक निराधार मुलांसाठी 'राऊहेस हाऊस' ही संस्था स्थापन केली. नाताळ कधी येणार, असे मुले सतत विचारीत, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसविल्या, असे सांगितले जाते. रोज एक छोटी लाल आणि रविवारी एक मोठी पांढरी मेणबत्ती पेटविली जाई. चार मेणबत्त्यांचे आजचे आगमनचक्र त्यातूनच आले.

आगमन-दिनदर्शिकेमागेही घरच आहे. म्युनिकचे मुद्रक गेरहार्ड लांग यांच्या बालपणी त्यांची आई पुठ्ठ्यावर चोवीस खाऊ लावून देई व मुलाला रोज एकच मिळे. त्या आठवणीतून लांग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापील दिनदर्शिका काढली.

आणखी एक प्रथा अनेक ख्रिस्ती कुटुंबांत दिसते. रिकामी गव्हाणी मांडायची आणि प्रत्येक सत्कृत्यासाठी तिच्यात गवताची एक काडी ठेवायची. बाळ येशूची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्रीच ठेवली जाते. या प्रथेत आईवडिलांचीही कसोटी लागते. मुलाने भावंडाशी केलेल्या समेटाची काडी ठेवायची, तर वडिलांनी अबोला धरलेल्या भावाचे दार ठोठावले का, हेही मूल पाहत असते. प्रार्थनेचे शब्द मूल पाठ करते. पण त्या शब्दांचे मोल ते आईवडिलांच्या वागण्यावरून ठरविते. गोव्यात नेवऱ्या आणि दोदोल यांची ताटे अन्य धर्मीय शेजाऱ्यांकडे जातात, तेव्हा ते नेणाऱ्या मुलाला शेजारधर्म वेगळा शिकवावा लागत नाही.

आज दिनदर्शिकांच्या खिडक्यांतून चॉकलेटे निघतात आणि बाजारातील नाताळ आगमनकाळाच्या आधीच सुरू होतो. अशा वेळी खरेदी थोडी लांबवून, त्यातील काही वाटा गरजूंसाठी मुलांच्या हाताने देणारे पालक या काळाचा मूळ अर्थच जपत असतात.