ग्रीन, ॲना कॅथरिन

(११ नोव्हेंबर १८४६ – ११ एप्रिल १९३५). अमेरिकन रहस्यकादंबरीकर्त्री. अमेरिकेतील गुप्तहेर-कादंबरीला स्थिर रूप देणाऱ्या लेखकांत तिची गणना होते. ‘द लेव्हनवर्थ केस’ (१८७८) या पहिल्याच कादंबरीने ती प्रसिद्धीस आली. तथापि साहित्येतिहासाच्या दृष्टीने तिची महत्त्वाची निर्मिती म्हणजे अमेलिया बटरवर्थ ही प्रौढ, अविवाहित व हौशी अन्वेषिका होय. पोलीसखाते आणि न्यायालय यांत स्त्रियांना जवळजवळ स्थान नव्हते, अशा काळात स्त्रीची निरीक्षणशक्ती गुन्ह्याच्या तपासात कशी उपयोगी पडू शकते, हे या व्यक्तिरेखेने दाखवून दिले.

ॲनाचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकलिन येथे. वडील वकील. ती तीन वर्षांची असतानाच तिची आई वारली. व्हरमाँट राज्यातील पोल्टनी येथील रिप्ली फीमेल कॉलेजातून १८६६ मध्ये तिने पदवी घेतली. स्त्रियांना उच्च शिक्षण क्वचितच मिळत असे, हे लक्षात घेता हे शिक्षण उल्लेखनीय ठरते. तिची मूळ महत्त्वाकांक्षा कवयित्री होण्याची होती. प्रसिद्ध विचारवंत राल्फ वॉल्डो एमर्सन यास तिने आपल्या कविता पाठविल्या होत्या व त्याच्याशी तिचा पत्रव्यवहारही झाला होता. ‘द डिफेन्स ऑफ द ब्राइड अँड अदर पोएम्स’ (१८८२) हा तिचा काव्यसंग्रह आणि ‘रिसिफीज डॉटर’ (१८८७) हे पद्यनाट्य प्रसिद्ध झाले. परंतु वाचकांनी तिला कवयित्री म्हणून फारसे स्वीकारले नाही. १८८४ मध्ये तिने चार्ल्स रोल्फ्स (१८५३–१९३६) या नटाशी विवाह केला. पुढे रंगभूमी सोडून तो लाकडी सामानाचा अभिकल्पक म्हणून नावारूपास आला. १८८७ पासून हे कुटुंब बफलो येथे राहू लागले. त्यांना तीन मुले झाली. संसार सांभाळून ॲनाने चाळीस वर्षांहून अधिक काळ सातत्याने लेखन केले. ‘द स्टेप ऑन द स्टेअर’ (१९२३) ही तिची अखेरची कादंबरी.

गुप्तहेरकथेचा आरंभ एडगर ॲलन पो याच्या ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ (१८४१) या कथेपासून मानतात. अमेरिकेत मेटा व्हिक्टोरिया फुलर व्हिक्टर हिने सीली रेजेस्टर या टोपणनावाने ‘द डेड लेटर’ ही कादंबरी ॲनाच्या आधी सु. दहा वर्षे लिहिली होती. परंतु खून, मृत्युसमीक्षकापुढील चौकशी, परस्परविरोधी साक्षी, संशयितांची क्रमाने छाननी आणि शेवटी उलगडा हा साचा पक्का करून त्यास मोठा वाचकवर्ग मिळवून देण्याचे श्रेय ‘द लेव्हनवर्थ केस’ला द्यावे लागते. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी तिच्यानंतर नऊ वर्षांनी, १८८७ मध्ये, प्रसिद्ध झाली. होरेशिओ लेव्हनवर्थ नावाच्या धनाढ्य निवृत्त व्यापाऱ्याचा त्याच्या ग्रंथालयात गोळी लागून मृत्यू होतो आणि त्याच्या घरात वाढलेल्या दोन पुतण्यांवर संशय येतो. वडिलांच्या व्यवसायामुळे ॲनास लाभलेली कायद्याची जाण येथे पानोपानी दिसते. परिस्थितिजन्य पुरावा कितीही भक्कम वाटला, तरी त्याने निरपराध व्यक्ती गोत्यात येऊ शकते, हे या कादंबरीचे मध्यवर्ती सूत्र आहे. कायद्याच्या तपशिलांतील अचूकपणामुळे ही कादंबरी एखाद्या स्त्रीने लिहिली असेल, यावर अनेक समकालीनांचा विश्वास बसेना.

या कादंबरीतील एबनेझर ग्राइस हा न्यूयॉर्क पोलीसदलातील गुप्तहेर पुढे तिच्या अनेक कादंबऱ्यांत आला. तो अनुभवी व चतुर आहे. समोरच्या माणसाकडे न पाहता एखाद्या क्षुल्लक वस्तूवर नजर खिळवून बोलण्याची त्याची लकब वाचकांच्या परिचयाची झाली. मात्र त्याला एक मर्यादा आहे व ती तो स्वतःच कबूल करतो : उच्चभ्रू समाजात तो सभ्य गृहस्थ म्हणून वावरू शकत नाही. त्यामुळे ‘द लेव्हनवर्थ केस’मध्ये त्याला रेमंड नावाच्या तरुण वकिलाची मदत घ्यावी लागते. श्रीमंतांच्या घराचा उंबरठा ओलांडून आत घडणारे व्यवहार पोलिसाला दिसत नाहीत, ही अडचण ॲनाने अशा रीतीने प्रथमपासूनच हेरली होती. त्या उंबरठ्याच्या आत सहज वावरणाऱ्या व्यक्तीची योजना तिने जवळजवळ वीस वर्षांनी केली.

‘दॅट अफेअर नेक्स्ट डोअर’ (१८९७, म. शी. शेजारच्या घरातील प्रकरण) या कादंबरीत अमेलिया बटरवर्थ प्रथम अवतरते. न्यूयॉर्कमधील ग्रॅमर्सी पार्क या प्रतिष्ठित वस्तीत स्वतःच्या घरात राहणारी ही बाई कुलीन, सधन आणि आपल्या मताचा अभिमान बाळगणारी आहे. बारशाच्या वेळी ठेवलेले ‘अरामिंटा’ हे नाव तिला हास्यास्पद वाटत असल्याने तिने ‘अमेलिया’ हे नाव घेतले आहे. कादंबरीचे निवेदन तीच करते आणि आपण मुळीच चौकस नाही, असे प्रारंभीच बजावते; मात्र लगेच ती मध्यरात्री खिडकीशी उभी राहून, शेजारच्या बंद हवेलीपाशी घोडागाडी थांबली, तीतून एक पुरुष व एक स्त्री उतरून आत गेली आणि थोड्या वेळाने पुरुष एकटाच बाहेर पडला, हे टिपते. दुसऱ्या दिवशी तिच्या आग्रहामुळे पोलीस त्या घरात जातात, तेव्हा पडलेल्या अवजड कपाटाखाली एका स्त्रीचे प्रेत आढळते. स्वतःविषयीच्या समजुती आणि प्रत्यक्ष वर्तन यांतील या अंतरामुळे कादंबरीला विनोदाची झाक आली आहे. पण त्या विनोदाने अमेलियाची बुद्धी कोठेही उणी ठरत नाही.

तिची तपासपद्धती घरगुती ज्ञानावर आधारलेली आहे. मृत स्त्रीची टोपी, हातमोजे व वस्त्रे यांचा अर्थ पोलिसांपेक्षा तिला अधिक कळतो. कपाट कोसळण्यापूर्वीच त्या स्त्रीचा मृत्यू टोपीला लावावयाच्या लांब टाचणीने झालेला असतो. अशा टाचणीचे स्थान व वापर या गोष्टी त्या काळच्या कोणत्याही स्त्रीला ठाऊक असत. पण पोलिसांच्या तपासात अशा गोष्टींना किंमत नव्हती. अमेलिया आपल्या शंका व अनुमाने क्रमवार लिहून काढते, तसेच एका आजारी तरुणीची शुश्रूषा करण्याच्या निमित्ताने, पोलिसाला जेथे प्रवेश मिळाला नसता तेथे जाऊन पोहोचते. वृद्ध ग्राइस प्रथम तिला लुडबुडी समजतो. दोघेही काही काळ चुकीच्या दिशेने जातात व एकमेकांवर मात करण्याचा प्रयत्न करतात. शेवटी परस्परांविषयी आदर निर्माण होतो. ‘लॉस्ट मॅन्स लेन’ (१८९८) या दुसऱ्या कादंबरीत माणसे नाहीशी होणाऱ्या एका आडगावच्या रस्त्याचे रहस्य आहे. तेथे अमेलियाच्या दिवंगत मैत्रिणीची मुले राहतात. त्यामुळे ग्राइस स्वतःच तिचे साहाय्य मागतो. ‘द सर्क्युलर स्टडी’ (१९००) या तिसऱ्या कादंबरीत तिची भूमिका गौण आहे.

अमेलियाचे हौशीपण हा केवळ कथेच्या सोयीचा भाग नाही. पिंकर्टन या खाजगी संस्थेत केट वॉर्न ही स्त्री १८५६ पासून गुप्तहेर म्हणून काम करीत होती. इंग्लंडमध्येही १८६४ मध्ये स्त्री-गुप्तहेरांच्या नावे कथासंग्रह निघाले होते. पण त्यांतील नायिका वेतन घेऊन काम करणाऱ्या व पोलिसांशी संबद्ध होत्या. प्रत्यक्ष न्यूयॉर्क शहरात पोलीसठाण्यांतील स्त्रीकैद्यांच्या देखरेखीसाठी १८९१ मध्ये स्त्रिया नेमण्यात आल्या. त्या कामावर १८९६ मध्ये रुजू झालेल्या इझाबेला गुडविन हिला गुप्तहेराचा दर्जा मिळण्यास १९१२ साल उजाडावे लागले. न्यूयॉर्क राज्यात वकिलीची सनद मिळविणारी पहिली स्त्री केट स्टोनमन (१८८६) ही होय. ज्यूरीत बसण्याचा अधिकार स्त्रियांना १९३७ मध्ये मिळाला. अमेलिया शेजारच्या घरात डोकावत होती, त्या वेळी अधिकृत मार्गाने तपास करण्याची कोणतीच वाट तिच्यासारख्या स्त्रीला खुली नव्हती. शेजारीपण, मैत्री व आजाऱ्याची सेवा ही समाजमान्य निमित्तेच तिची साधने झाली.

ॲनाने ‘द गोल्डन स्लिपर अँड अदर प्रॉब्लेम्स फॉर व्हायोलेट स्ट्रेंज’ (१९१५) या कथासंग्रहात वेगळी नायिका योजली. व्हायोलेट ही उच्चभ्रू समाजातील तरुणी गुप्तपणे मोबदला घेऊन तपासाची कामे करते; वडिलांनी दूर लोटलेल्या बहिणीला मदत करता यावी, हा तिचा हेतू असतो. मात्र नायिकांना एवढे बुद्धिस्वातंत्र्य देणारी ही लेखिका स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीची विरोधक होती. तिच्या लेखनातील हा विरोधाभास अभ्यासकांच्या चर्चेचा विषय झाला आहे. अमेलियादेखील सामाजिक व्यवस्था बदलू पाहत नाही. त्या व्यवस्थेतील आपल्या प्रतिष्ठित स्थानाचा ती पुरेपूर उपयोग करून घेते.

भावविवश संवाद, योगायोगांचा अतिरेक आणि गुप्त विवाहांसारख्या अतिनाट्यमय कल्पना हे ॲनाच्या लेखनातील दोष होत. पहिल्या महायुद्धानंतर वाचकांची अभिरुची बदलली व तिच्या कादंबऱ्या मागे पडल्या. तरीही तिचा प्रभाव टिकून राहिला. ॲगाथा क्रिस्ती हिने आत्मचरित्रात बालपणी थोरल्या बहिणीकडून ऐकलेल्या ‘द लेव्हनवर्थ केस’चा उल्लेख केला आहे. क्रिस्तीची मिस मार्पल (कथेत १९२७, कादंबरीत १९३०) अमेलियावरूनच घेतली, असे म्हणता येत नाही. क्रिस्तीने तिचा उगम आपल्या आजीच्या परिचयातील वृद्ध स्त्रियांत व स्वतःच्याच एका पूर्वीच्या पात्रात दाखविला आहे. परंतु घरात बसून जगाची पारख करणारी, पोलिसांनी आधी हसण्यावारी नेलेली व अखेर त्यांना मार्ग दाखविणारी अविवाहित प्रौढा रहस्यकथेत अमेलियाच्या रूपाने तीस वर्षे आधीच उभी होती, ही गोष्ट निर्विवाद आहे. पट्रिशिया माइडा हिच्या १९८९ मधील चरित्रात्मक अभ्यासाने ॲनाकडे पुन्हा लक्ष वेधले आणि २०१० मध्ये ‘द लेव्हनवर्थ केस’ पेंग्विन अभिजात ग्रंथमालेत समाविष्ट झाली.

बफलो येथे ती निधन पावली.